एक पेशंट विरुद्ध २० नॉर्मल मेंदू: लाल ठिपक्यांचा नकाशा रिपोर्टला जोडावा का?

धंतोली_न्यूरो
मेंदूच्या एमआरआय रिपोर्टसोबत हल्ली रंगीत नकाशा मागतात. पेशंटचा टी-वन स्कॅन (एमआरआयचा एक प्रकार) २० निरोगी माणसांच्या, म्हणजे 'कंट्रोल'च्या, स्कॅनशी व्हॉक्सेलगणिक (चित्राच्या प्रत्येक बारीक ठोकळ्यागणिक) ताडायचा आणि ग्रे मॅटर (मेंदूचा करडा भाग) कमी दिसेल तिथे लाल ठिपका द्यायचा. माझं मत विरोधात आहे. ही पद्धत दोन गटांच्या तुलनेसाठी आहे. गटात सरासरी निघते, म्हणून मूळ आकड्यांची वाटणी थोडी तिरकी असली तरी निभतं. इथे एका बाजूला एकच माणूस, त्यामुळे तो तिरकेपणा थेट खोटा ठिपका होऊन उमटतो. वर पी (निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) ०.००१ ची मर्यादा लावून ३ लाख व्हॉक्सेल तपासले, तर योगायोगानेच साधारण ३०० लाल होणार. नातेवाइकांना तो मेंदू वाळल्याचा पुरावा वाटतो.

आकडेमोड
पद्धतीला कशाला दोष देता भाऊ, गणित अर्धवट केलं जातं. २० जणांवरून काढलेलं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) हे साऱ्या लोकसंख्येचं मानून झेड (पेशंट सरासरीपासून किती विचलनं दूर ते) काढतात, घोळ तिथे आहे. क्रॉफर्ड आणि हॉवेल या संशोधकांनी १९९८ मध्ये यावर सुधारित टी-चाचणी दिली: पेशंटचा आकडा वजा सरासरी, भागिले प्रमाण विचलन, आणि त्याला पुन्हा भागायचं (न+१)/न च्या वर्गमुळाने (न म्हणजे कंट्रोलची संख्या). स्वातंत्र्यमात्रा (टी-तक्त्यातली कुठली ओळ बघायची ते ठरवणारा आकडा) न−१. २० कंट्रोल असतील तर शंभरात पाच चुकांची मर्यादा १.९६ नाही, २.०९३. १० असतील तर २.२६२, ५ असतील तर २.७७६. पाच कंट्रोलवर झेड १.९६ चालवलात, तर १०० निरोगी माणसांतली पाच नाही, जवळपास १५ आजारी ठरतील.

वाटणीच्या तिरकेपणावर स्मूदिंग (शेजारचे आकडे मिसळून चित्र धूसर करणं) वाढवा. गटांसाठी ८ मिमी पुरतं, एका पेशंटसाठी १२ घ्या. आणि नकाशावर विश्वास ठेवण्याआधी प्रत्येक कंट्रोलला पाळीपाळीने 'पेशंट' करून उरलेल्या १९ जणांशी ताडा. त्यांच्यातही तेवढेच मोठे डाग निघाले, तर पेशंटचा डाग बाद.

धंतोली_न्यूरो
१२ मिमीने पसरवलं की लहानसा डिस्प्लेसियाही (मेंदूच्या भागाची जन्मजात सदोष घडण) पसरून जातो, आणि शोधायचा असतो नेमका तोच. वाटणीची भानगड नको म्हणून परम्युटेशन चाचणी ('पेशंट'ची चिठ्ठी पाळीपाळीने प्रत्येकाला लावून बघणारी) लावा म्हणाल, तर २० कंट्रोल आणि एक पेशंट मिळून अदलाबदली होतात फक्त २१. म्हणजे सर्वांत लहान शक्य पी १/२१, ०.०४८. ०.०१ गाठायला ९९ कंट्रोल हवेत. आणा!

कॉइल_३२
९९ सोडा राजेहो, ते २० तरी कोण असतात? मेडिकलची २२ वर्षांची पोरं, कारण ती हाताशी असतात. पेशंट भंडाऱ्याचा ५८ वर्षांचा शेतकरी. वय कोव्हेरिएट म्हणून (त्याचा परिणाम गणितात वजा करायला) टाकलं की भागलं, असं समजू नका. कंट्रोलमध्ये पन्नाशीपुढचा एकही नसेल, तर सॉफ्टवेअर ती रेघ अंदाजाने पुढे ओढतं.

मशीनचंही तसंच. १.५ टेस्लाचे (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) कंट्रोल आणि ३ टेस्लाचा पेशंट चालणार नाही. कॉइल (डोक्याभोवतीचा अँटेना) बदलली, मशीनचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं, पेशंटचा टी-वन कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर घेतला, या प्रत्येकाने सेगमेंटेशन (ग्रे मॅटर कुठलं ते सॉफ्टवेअरने वेगळं काढणं) हलतं. नव्या मशीनवरचा एकच स्कॅन असेल तर कॉम्बॅटसारखं हार्मोनायझेशनही (मशीन-मशीनमधला फरक काढून टाकणारं गणित) हतबल, मशीनचा फरक आणि आजाराचा फरक वेगळा काढायला आकडेच नसतात. डोकं हललेल्या स्कॅनमध्ये ग्रे मॅटर कमी मोजलं जातं, आणि हलतो बहुधा पेशंटच. मे महिन्यात बालाघाट-गडचिरोलीहून एसटीने, पाण्याविना आलेल्या माणसाचा मेंदू मोजमापात किंचित आकसलेला येऊ शकतो. फरक लहान, पण कंट्रोल जानेवारीत घेतले असतील तर तो नेमका एकाच दिशेने पडतो.

विदर्भात सिकलसेलही विसरू नका. त्यात मुकाट झालेले इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेले भाग) असतात. पांढऱ्या भागातला जुना डाग टी-वनवर गडद दिसतो, सेगमेंटेशन त्याला ग्रे मॅटर समजतं आणि नकाशा म्हणतो, इथे ग्रे मॅटर वाढलंय. म्हणून आधी फ्लेअर (असे डाग उठून दाखवणारा एमआरआयचा प्रकार) बघा, मग नकाशा.

मिरगी_क्लिनिक
एवढ्यासाठी सगळंच गुंडाळायचं कशाला? फिट्सच्या पेशंटमध्ये साध्या डोळ्यांना फिल्म नॉर्मल दिसते, तेव्हा असा नकाशा 'इथे पुन्हा बघा' एवढं सांगतो. निदान करत नाही, बोट दाखवतो. तेवढ्यासाठी दहा खोटे ठिपके परवडतात, पण एक खरा डिस्प्लेसिया हुकणं परवडत नाही. हिप्पोकॅम्पससाठी (दोन्ही बाजूंना असलेला, स्मरणशक्तीचा भाग) तर उजवी-डावी तुलना करा: (डावं − उजवं) भागिले दोन्हींची सरासरी. पेशंट स्वतःचाच कंट्रोल, मशीनचा बराच फरक आपोआप कटतो. निरोगी माणसातही उजवं सहसा थोडं मोठं असतं, म्हणून शून्याशी नाही, कंट्रोलच्या सरासरीशी ताडा.

धंतोली_न्यूरो
बोट दाखवणं मान्य. पण ते रेडिओलॉजिस्टच्या स्क्रीनवर, पेशंटच्या फाइलीत नको. आणि दोन्ही बाजू सारख्याच झिजल्या असतील तर तुमचं सूत्र शून्याजवळ येईल, तेही सांगा.

नवखा_रेसिडेंट
स्थानिक कंट्रोल कशाला मग? २०२२ च्या ब्रेनचार्टमध्ये (वयानुसार मेंदूच्या मापांचे तक्ते) १,२३,९८४ स्कॅन आहेत, तेच वापरले तर?

कॉइल_३२
त्यातले बहुतेक युरोप-अमेरिकेचे. आणि आपल्या मशीनचं ऑफसेट (मोजमापातला ठरावीक फरक) बसवायला आपल्याच मशीनवरचे निरोगी स्कॅन लागतातच. फिरून तिथेच.

नवखा_रेसिडेंट
बरं, मग रिपोर्टमध्ये लिहायचं काय?

आकडेमोड
नकाशाऐवजी एक ओळ. समजा: 'डावं हिप्पोकॅम्पस याच मशीनवरच्या ४२ कंट्रोलच्या तुलनेत, वय, लिंग आणि कवटीचं आकारमान धरून, टी −२.९, स्वातंत्र्यमात्रा ३८. इतकं लहान हिप्पोकॅम्पस १,००० निरोगी माणसांत साधारण तिघांचं असतं.' जागा स्कॅनआधी ठरवलेली असावी, ठिपके बघून नाही.

धंतोली_न्यूरो
या ओळीला माझी हरकत नाही. त्यात कंट्रोलचं वय किती ते किती, तेही टाका.