चंद्राशेजारचा गुरू एकाच फ्रेममध्ये कसा घ्यावा?

प्रश्न: ६ इंची एफ/८ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर, सोलापुरातली गच्ची. चंद्र नीट आला की गुरू मंद, गुरू उजळला की चंद्र पांढराफटक. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) काढला तर फोकसच लागत नाही.

उत्तर १: दोन एक्स्पोजर घेऊन जोडा. आयएसओ २००, पौर्णिमेच्या आसपासच्या चंद्राला १/४०० सेकंद, गुरूला १/६०. मध्ये वेळ दवडू नका. चंद्र मिनिटाला सुमारे ३० विकला (विकला म्हणजे अंशाचा १/३६०० भाग) सरकतो, गुरूचं बिंबच जेमतेम ४५!

उत्तर २: सेन्सर फोकसपर्यंत पोचत नाही. मुख्य आरसा नळीत दोनेक सेंटिमीटर वर, तोंडाच्या दिशेने घ्या. बार्लोने फ्रेम निम्मी होते, चंद्रच कापला जातो.

उत्तर ३: आपल्याकडचा तापलेला स्लॅब रात्रीही धग सोडतो, कडा थरथरतात. दुर्बीण अंगणात मातीवर मांडा, आरसा तासभर निवू द्या.