तलवारबाजी, असिविद्या की 'तलवारीचे हात'?

प्रश्न : एक अनुवाद करते आहे. तलवारीने लढण्याच्या कलेला नेमका शब्द हवाय. 'तलवारबाजी' लिहिलं, पण नारेबाजी, दगाबाजीच्या पंगतीतला शब्द कलेला शोभेल का? 'असिविद्या' कसा वाटतो?

उत्तर : 'तलवारबाजी'वर हा अन्याय होतोय. 'बाजी' फारसीतून आली, मूळ अर्थ खेळ. दगाबाजीतला वाईटपणा दग्याचा आहे, बाजीचा नाही. इंग्रजीतला फेन्सिंग हा शब्द मात्र 'डिफेन्स'वरून, म्हणजे बचावावरून आलेला. ऑलिंपिकमधल्या फॉइल, एपे आणि सेबर या तिन्ही प्रकारांना आपली वर्तमानपत्रं तलवारबाजीच म्हणतात. 'असिविद्या' प्राचीन काळच्या कथेत छान बसेल, एरवी जड होईल.

उत्तर : सरावाचा प्रसंग असेल तर 'तलवारीचे हात' विसरू नका. इथे 'हात' म्हणजे वार-बचावाची घोटून बसवलेली हालचाल. तसाच 'पवित्रा'. बातम्यांतल्या 'आक्रमक पवित्र्या'मुळे तो शब्द पार तोंडात गेलाय, पण मुळात तो पायांत असतो : पावलं कशी टाकली, अंगाचा भार कुठे. खोटा वार दाखवून समोरच्याला फसवणं म्हणजे 'हूल देणं'.

आणि क्रियापदं जपा. म्यानातून बाहेर काढणं ते उपसणं, हातात तोलून सज्ज होणं ते परजणं, मारायला वर नेणं ते उगारणं. अनुवादांत सगळीकडे 'उगारली' दिसतं आणि लढाईचे तीन क्षण एकच होऊन जातात. फार वाईट वाटतं वाचताना.

प्रश्न : 'पट्टेबाजी' पर्याय म्हणून चालेल?

उत्तर : नाही, तो दांडपट्ट्याचा शब्द. पट्ट्याचं पातं लांब, सरळ आणि लवचीक, आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. आत मनगट वळतच नाही, म्हणून सगळी फेक खांद्यातून आणि गिरकीतून येते. तलवारीला मनगट मोकळं असतं. पट्टा फिरायला लागला की थांबत नाही; 'तोंडाचा पट्टा' म्हणतो तेव्हा हीच न थांबणारी फिरत डोळ्यांसमोर येते.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. शीर्षकात 'तलवारबाजी'च ठेवते. माझ्या मजकुरात नायिका दारात उभी आहे, शत्रू अजून अंगणापलीकडे, आणि मी 'तलवार उगारली' लिहून बसले होते. तिथे 'परजली' करते.