मदत हवी आहे: काचेचे मणी तडकतात, आणि म्हसरूळच्या शेडमध्ये स्टुडिओ थाटायचाय

नमस्कार मंडळी,

आधी फजिती सांगते, मग प्रश्न.

यंदा संक्रांतीला नणंदेकडे हळदीकुंकू होतं. मी केलेल्या हिरव्या मण्यांची माळ त्यांनी हौसेने घातली होती. बायका जवळ येऊन बघत होत्या आणि मी मनातल्या मनात ऑर्डरी मोजत होते. तिळगूळ देता देता मधला मोठा मणी, कुणाचा हातही लागला नसताना, दोन फाकी होऊन त्यांच्या मांडीवर पडला. कुणी काही बोललं नाही. नणंदबाईंनी दोन्ही फाकी उचलून तबकात कडेला ठेवल्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन डबा उघडला तर उरलेल्या चाळिसातले अकरा तडकलेले. पुढे चार रात्री त्या स्टीलच्या डब्यातून मधूनच ‘टिक’ असा आवाज यायचा. नवऱ्याला वाटलं पाल आहे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बर्नरच्या ज्योतीत काचेची सळई पाघळवायची आणि मातीचा लेप दिलेल्या स्टीलच्या बारीक सळीवर तो पाघळ गुंडाळत न्यायचा. या सळीला मॅन्ड्रेल म्हणतात. ती सतत फिरती ठेवावी लागते. हात थांबला की मण्याला एका बाजूने पोट सुटतं. गार झाल्यावर लेप भुगा होऊन निघतो आणि भोक तयार. चार दिवसांच्या शिबिरात एवढं शिकले. गेलं वर्षभर इंदिरानगरच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत हॉट हेड नावाच्या, नुसत्या हवेवर चालणाऱ्या छोट्या बर्नरवर घरचाच लाल सिलिंडर लावून करते आहे.

माझी कल्पना वाईनच्या बाटल्यांची. नाशकात त्यांना तोटा नाही, आणि तो गडद हिरवा रंग मला विकतच्या सळयांत मिळाला नाही. आत इटलीहून येणारी 104 नंबरची पारदर्शक काच, कारण ती लवकर पाघळते, आणि वर बाटलीच्या काचेचं आवरण. मणी झाला की सावकाश निवावा म्हणून सिरॅमिक फायबरच्या (उष्णता धरून ठेवणाऱ्या कापसासारख्या) घडीत गुंडाळायचा, सकाळी काढायचा.

आता सोसायटीत सिलिंडरवरून कुजबुज सुरू झाली आहे (रास्तच आहे). म्हसरूळला सासऱ्यांच्या बैठ्या घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे, ती मला मिळाली आहे. एक दार, एक खिडकी, कोपऱ्यात मोरी, आणि द्राक्षांचे जुने क्रेट. क्रेट सासरे हलवणार आहेत, दिवाळीपासून हलवणार आहेत.

बजेट दीड लाख. मला आधी मोठा ऑक्सिजनचा बर्नर घ्यावासा वाटतो, मणी सावकाश निववायची विजेची भट्टी पुढच्या वर्षी. चूक करतेय का? कोविडमध्ये 2021 साली घेतलेला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर माळ्यावर पडून आहे, तो याला चालेल का? थंडीत बर्नर फुसफुसतो, ज्योत बसकी होते, ते का? आणि भट्टी बाहेरून मागवण्यापेक्षा सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे कुणी करून देतं का?

निळी ज्योत:
ताई, चूक करताय. पण आधी मण्याचं बोलू, कारण भट्टी आणलीत तरी हा मणी फुटणारच आहे.

104 हा रंगाचा किंवा कंपनीचा नंबर नाही. तापल्यावर काच किती फुगते त्याचं ते माप आहे: एका डिग्रीला, लांबीच्या एक कोटी भागांतले 104 भाग. बाटलीची काच साधारण 85 ते 90 मध्ये असते. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट तर 33. तुमच्या मण्यात आतली काच गार होताना जास्त आखडते, बाहेरची कमी. दोघी एकमेकींना चिकटलेल्या, सोडवणार कोण? काही मणी रात्री सुटतात, काही हळदीकुंकवात.

म्हणजे एका मण्यात एकाच जातीची काच. बाटली तर बाटलीच, आणि तीही एका मण्याला एकाच बाटलीची. दोन कारखान्यांच्या हिरव्या काचा दिसायला सारख्या असल्या तरी आतून जुळतीलच असं नाही. बाटलीची काच ताठ असते, वेळ घेते, हॉट हेडवर मनगट दुखेल. लहान मणी करा, बारा मिलिमीटरच्या आतले. सरावासाठी देशी सळया घ्या, उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला मण्यांचं मोठं काम चालतं. पण त्याही बाटलीत किंवा 104 मध्ये मिसळू नका.

आणि डोळ्यांना काय लावता? तापलेल्या काचेतून सोडियमचा पिवळा भडका उठतो, त्यासाठी डिडिमियमचा चष्मा लागतो. तो लावला की पिवळा पडदा नाहीसा होतो आणि मण्याची कड स्वच्छ दिसते. साध्या गॉगलचा इथे उपयोग नाही.

काचमणी:
डोळ्यांना उन्हाचा गॉगल लावते. आता लिहायची लाज वाटते. ही जुळणारी-न जुळणारी काच शिबिरात सांगितली असेल, पण तेव्हा माझं सगळं लक्ष मणी गोल येतोय का याकडे.

रिकामटेकडा नाशिककर:
बाटल्या रिकाम्या करायला माणूस हवा असेल तर कळवा. मोबदला नको.

सातपूरकर:
हीट ट्रीटमेंटच्या धंद्यात वीस वर्षं आहे, लोखंडाच्या. काचेचं गणित वेगळं असलं तरी भट्टी ती भट्टीच. सातपूर आणि अंबड दोन्हीकडे छोट्या मफल भट्ट्या (आत बंद कप्पा असलेल्या) करून देणारे आहेत. नाव इथे देत नाही, फिरा, तिघांकडून कोटेशन घ्या.

सांगताना हे सांगा. आतली जागा लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी वीस सेंटिमीटर पुरते. दोन किलोवॉटची कॉइल, म्हणजे 230 व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास. त्यासाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन, 16 अँपिअरचा सॉकेट, पक्कं अर्थिंग. शेडमधल्या बल्बच्या वायरवर टाकाल तर मण्यांआधी वायरच भाजून निघेल. दाराला मॅन्ड्रेल आत सरकवण्यापुरती छोटी झडप मागा, म्हणजे दर मण्याला सगळी भट्टी उघडावी लागणार नाही. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, कॉइलजवळ नको, मण्यांच्या पातळीला हवा. कंट्रोलर रॅम्प-सोकवाला घ्या, म्हणजे ठरलेल्या वेगाने तापमान चढवणारा-उतरवणारा आणि हवं तिथे धरून ठेवणारा. नुसता चालू-बंद करणारा स्वस्तात गळ्यात मारतील, त्याने उतरणीचा वेग धरता येत नाही आणि तुम्हाला नेमका तोच हवा आहे.

फायबरच्या घडीने काय होतं? मणी सावकाश निवतो, खरं. पण जिथे सावकाशपणाला किंमत आहे ती तापमानाची पट्टी फार वरची आहे, आणि ती पट्टी मणी घडीत पहिल्या काही मिनिटांतच ओलांडतो. 104 ला साधारण 520 डिग्रीवर, बाटलीच्या काचेला 540-550 च्या आसपास अर्धा ते एक तास धरून ठेवायचं. मग तासाला साठेक डिग्रीने 370 पर्यंत उतरवायचं. तिथे भट्टी बंद, पण दार उघडायचं नाही, आत काय झालंय ते बघायला सुद्धा नाही. सकाळी हाताला गार लागली की मग.

मधेच वीज गेली (म्हसरूळला जातेच) तर घाबरू नका, दार बंद ठेवा. दुसऱ्या दिवशी गार मण्यांवर पुन्हा सुरुवातीपासून, हळू तापवत, तेच चक्र चालवा. आधी घडीत निववलेले, न तडकलेले मणीही असे नंतर एकत्र भाजता येतात. फक्त मिश्र काचेचे नको.

एक फुकटची तपासणी सांगतो. लॅपटॉपच्या स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल घेऊन त्यातून बघत तो फिरवा, एका कोनात स्क्रीन काळा पडतो. आता पारदर्शक मणी मधे धरा. मण्यात ताण असेल तर तेवढाच भाग काळ्यावर उजळून दिसतो.

ओझरचे आजोबा:
मुली, तुझं सगळं लक्ष काचेकडे आहे, मला तुझा सिलिंडर दिसतोय.

घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला कायद्याने मनाई आहे. माळा विकणार ना? मग व्यावसायिक जोडणी घे, 19 किलोची. सिलिंडर शेडच्या बाहेर, उभा, सावलीत, साखळीने बांधलेला, नळी भिंतीतून आत. एलपीजी हवेपेक्षा जड असते, गळली की जमिनीवरून पाण्यासारखी वाहते आणि खोलगट जागेत साचते. तुझ्या शेडमध्ये ती जागा म्हणजे मोरी. ती बुजव, नाहीतर तिच्या जवळपास बर्नर मांडू नकोस. नळी एलपीजीसाठी असलेलीच घे, वेल्डिंगवाल्याकडची अॅसिटिलीनची लाल नळी एलपीजीने आतून खराब होते. जोडाला रोज साबणाचा फेस लावून बघायचं. वास घेऊन नाही. गॅसच्या नटाचे आटे उलटे असतात, जोर लावून पिळू नकोस.

थंडीचं म्हणशील तर त्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. ब्युटेन शून्याच्या जवळ उकळतं, त्यामुळे आपल्याकडच्या आठ-दहा डिग्रीच्या पहाटे त्याची वाफ मंदावते. शिवाय गॅस ओढला की सिलिंडर स्वतःच आणखी गार होतो. त्याला शेगडी दाखवू नकोस, दुपारी काम कर.

कॉन्सन्ट्रेटर: हॉट हेडला ऑक्सिजनची जोडणीच नसते, तो आपली हवा आपण ओढतो. पुढे मायनरसारखा छोटा दोन-गॅसचा बर्नर घेशील तेव्हा पाच लिटरचं यंत्र चालेल. पण चार वर्षं माळ्यावर पडलेल्या यंत्रातला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) दमट होतो, ऑक्सिजनची शुद्धता घसरते. आधी ती मोजून घे. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर लाव, ज्योत नळीत उलटी शिरू न देणारा. आणि ऑक्सिजनच्या जोडाला तेल, ग्रीस, अगदी खोबरेल लागलेला हातसुद्धा लावायचा नाही.

निळी ज्योत:
आजोबांना अनुमोदन. हवेचं राहिलं. एक्झॉस्ट पंखा पाठीमागे लावू नका, सगळा धूर तुमच्या नाकावरून जाईल. तो समोर, ज्योतीच्या वर हवा, आणि ताजी हवा पाठीमागच्या दारातून. नळी-हुड बसवण्याआधी टेबलावर उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते बघा. मण्यातला लेपही कोरडा खरवडू नका, भिजवून पाण्याखाली काढा, ती भुकटी छातीत जाते.

काचमणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आजचा अहवाल.

लॅपटॉप आणि नवऱ्याच्या गॉगलने वाचलेले मणी पाहिले. आतल्या आणि बाहेरच्या काचेच्या सांध्यावर पांढरं कडं उजळतंय, प्रत्येकात. ज्यांना मी चांगले म्हणून वेगळ्या डबीत ठेवले होते त्यांच्यातही. सगळे बाद. नणंदबाईंना फोन करून उरलेली माळ परत मागितली, कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, आधीच काढून ठेवली आहे.

एका बाटलीच्या काचेचे सहा मणी केले, ते भट्टीची वाट बघत घडीत आहेत. सहाही पूर्ण हिरवे, आत पारदर्शक काही नाही, आणि खरं सांगू, तेच जास्त छान दिसतायत. भट्टीची दोन कोटेशनं आली, एकात रॅम्प-सोक कंट्रोलर आहे, दुसऱ्याने ‘ताई, त्याची काय गरज’ म्हटलं. पहिल्याकडे जातेय. मोठा बर्नर रद्द, हॉट हेडच चालवेन. चष्म्याची ऑर्डर दिली. व्यावसायिक जोडणीसाठी उद्या एजन्सीत जाणार आहे.

शेडमध्ये उदबत्ती लावली तर धूर सरळ मोरीकडे गेला आणि तिथेच घुटमळला. मोरी बुजवायला गवंडी सांगितलाय.

सातपूरकर:
उत्तम. लाइन ओढायला वायरमन लायसनवालाच बोलवा. आणि ते क्रेट हलले का?

काचमणी:
नाही. गवंड्याने त्यांच्यावर सिमेंटची गोणी ठेवलीय.