अनुभव धागा: सहलीत शिवलेल्या गोधड्या आणि घरात साठलेली कतरन

कपडे शिवून उरलेला तुकडा फेकवत नाही आणि वापरलाही जात नाही, अशी बहुतेक घरांतली स्थिती असते. इंदूरमध्ये कचऱ्याची वर्गवारी करूनच तो गाडीत द्यावा लागतो. त्यामुळे चांगल्या सुती कापडाची कतरन सुक्या कचऱ्यात टाकताना हात अडखळतो आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातले गाठोडे आणखी फुगते. मैत्रिणींबरोबर सहलीला जाऊन तिथे हाताने गोधडी शिवणारे काही गट आपल्या शहरात आहेत, म्हणून हा धागा उघडत आहे. आपण कोणते कापड नेले, घरून काय तयारी केली, तिथे काय जमले आणि शेवटी गोधडी कोणाकडे गेली, हे सविस्तर लिहावे. केवळ फोटो नकोत. कृती आणि अडचणी हव्यात.

सुरुवात मीच करते. आमचा गट रामबाग आणि नारायणबागेतला आहे आणि थंडीत आम्ही महेश्वरला जातो. इंदूरहून ते सुमारे ९० किलोमीटर आहे, त्यामुळे प्रवासाचा शीण होत नाही. आमचा नियम एकच आहे: प्रत्येकीने एक मध्यम पिशवी भरून तुकडे आणायचे आणि तिथे पोहोचल्यावर सगळ्या पिशव्या एका चादरीवर रिकाम्या करायच्या. ज्या तुकड्याकडे मी वर्षानुवर्षे नुसतीच पाहत आले, तो दुसरीला चटकन कुठे लावायचा ते कळते, कारण तिच्या मनात त्या तुकड्याची काही आठवण नसते. शिवाय घरी एखादा तुकडा निवडला तरी गाठोड्यात याहून चांगला असेल, ही शंका सुटत नाही. सहलीत मात्र जे चादरीवर आहे तेवढेच आहे. कतरन संपते ती या मर्यादेमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी वेळ मिळत नाही हे कारण आपण सांगतो, पण खरी अडचण निवड करण्याची असते.
— निवृत्त शिक्षिका, रामबाग

&nbsp;

ताईंचे म्हणणे पटले, तरी सगळेच तुकडे तसेच्या तसे नेले तर सहलीचा निम्मा वेळ कापण्यात जातो, असा आमच्या गटाचा अनुभव आहे. आम्ही बाळंतविड्यासाठी दुपटी शिवतो आणि त्यांचा हिशेब ठरलेला आहे. साडेसहा इंचांचे ३६ चौकोन लागतात; प्रत्येक बाजूला पाव इंच माया (शिवणीत दुमडले जाणारे कापड) गेली की सहा इंचांचा चौकोन उरतो आणि सहा ओळींत सहा लावले की ३६ इंच लांब-रुंद दुपटे तयार होते. पुठ्ठ्याचा एकच साचा कापून तो सगळ्यांकडे फिरवायचा, कारण प्रत्येकीने आपापल्या पट्टीने मोजले की ओळी जुळत नाहीत आणि मग दोष कोणाच्या पट्टीचा यावर चर्चा चालते. चौकोन घरून कापून आणल्यामुळे रेल्वेत मोठी कात्री लागत नाही. दोरा तोडायला छोटी कात्री पुरते. दिवसाच्या प्रवासात खिडकीजवळच्या दोघींनी शिवावे आणि बाकीच्यांनी रंगसंगती लावून ओळींच्या चळती बांधाव्यात. रात्री दिव्याच्या प्रकाशात गडद कापडावर गडद दोरा दिसत नाही, तेव्हा तो उद्योग करू नये.

लहान बाळाच्या दुपट्यात जरीचा, टिकल्यांचा किंवा खरखरीत तुकडा घेऊ नये, तो कितीही सुंदर असला तरी. जुने, अनेकदा धुतलेले मलमल, वॉयल आणि पॉपलिन हेच योग्य. आमच्यापैकी एकीच्या सासूबाई दुपट्यात घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या साडीचा निदान एक तुकडा असलाच पाहिजे असा आग्रह धरतात आणि तो आम्ही आनंदाने पाळतो.
— सुदामानगर

&nbsp;

मी राजवाड्याजवळ लेडीज टेलर म्हणून काम करतो. सहलीला मी गेलेलो नाही, पण या गटांतल्या भगिनी माझ्याकडूनच कतरन घेऊन जातात, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

ब्लाउज कापल्यावर उरणारे तुकडे दोन प्रकारचे असतात. कडेच्या लांब पट्ट्या सरळ सुतात असतात आणि त्या ओढल्या तरी फारशा ताणत नाहीत. मुंढा (बाही जोडायची जागा) आणि गळा यांतून निघालेले तुकडे वाकडे असतात आणि त्यांची कड बहुधा उरेब, म्हणजे सुताला तिरपी, पडते. उरेब कड हातात धरली की लांबते, शिवताना लहरी पडतात आणि गोधडी जमिनीवर सपाट बसत नाही. त्यामुळे असा तुकडा थेट दुसऱ्या तुकड्याला जोडू नये; जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या पातळ अस्तरावर तो आधी कच्च्या टाक्यांनी बसवावा आणि मग अस्तरासकट चौकोन कापावा. तुकड्याचे उभे सूत ओळखायचे असेल तर कापड दोन्ही दिशांना हलकेच ओढून पाहावे. साधारणपणे जी दिशा कमी ताणते ती उभी.

दुसरी गोष्ट म्हणजे कापडांची सरमिसळ. क्लॉथ मार्केटमधून येणाऱ्या ब्लाउजपीसमध्ये आता सुती आणि कृत्रिम धाग्याचे कापड शेजारी शेजारी असते आणि दिसायला सारखेच असते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही एका गोधडीत आले की धुतल्यावर चुण्या पडतात. सुती तुकडे शिवण्याआधी धुऊन घ्यावेत आणि जॉर्जेट, क्रेप किंवा लायक्रा वेगळे काढून लोड-तक्क्यात भरावेत. ते गोधडीत बसवण्याचा हट्ट करू नये.
— राजवाडा परिसर

&nbsp;

थोडा विरोधी सूर लावते, क्षमा असावी. आमच्या गटाने मांडूला जाताना गोधडीचे सामान नेले होते. पावसाळ्यात मांडूला जाऊन, बाहेर ढग उतरलेले असताना, आम्ही खोलीत गुडघ्याला गुडघा लावून टाके घालत बसलो. जहाज महाल उभ्याउभ्या पाहिला आणि रूपमती मंडपापर्यंत निम्म्याजणी गेल्याच नाहीत. गोधडी घरी शिवता येते. सहलीचा हेतू पाहणे हा आहे. शिवाय पावसाळी हवेत धुतलेले कापड वाळले नाही आणि परत येईपर्यंत त्याला कुबट वास आला. ज्यांना गोधडीच शिवायची आहे त्यांनी बघण्यासारखे काही नसलेल्या ठिकाणी जावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.
— वैशालीनगर

&nbsp;

वैशालीनगरच्या ताईंचा मुद्दा मी समजू शकते, तरी एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. आमचे घर गिरणी कामगाराचे. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते आणि १९९१ साली मिल बंद पडेपर्यंत घरात कोऱ्या कापडाची ददात नव्हती. मालवा मिलच्या भागातल्या आमच्या चाळीत उन्हाळ्यात प्रत्येक घराची गोधडी आळीपाळीने अंगणात पसरली जाई आणि शेजारच्या बायका चारी कडांना बसून मध्यापर्यंत दोरे भरत येत. आई, आत्या आणि शेजारच्या मावशी यांना एकत्र बसायला दुसरे निमित्तच नव्हते. आज आपल्याकडे अंगण नाही, वेगवेगळ्या कॉलन्यांत राहणाऱ्या मैत्रिणींना एकमेकींकडे दिवसभर बसायची सोय नाही आणि एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात मोठ्या माणसाची गोधडी पसरली तर पाय ठेवायला जागा राहत नाही. सहलीत धर्मशाळेची ओसरी मिळते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

आता मापाविषयी. सुमारे साडेपाच मीटरची सुती साडी मधोमध कापून दोन्ही भाग लांबीत शेजारी शेजारी जोडले की सव्वादोन मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर लांब असा एक थर मिळतो. तो डबल बेडला पुरतो. खाली एक साडी, मध्ये एक जीर्ण साडी आणि वर तुकड्यांचा थर, इतके इंदूरच्या थंडीला पुष्कळ झाले. मधल्या थरात कापूस घालू नये. हाताने सुई ओढणे जड जाते आणि धुतल्यावर ती गोधडी लवकर वाळत नाही. आई थर पसरल्यावर आधी मधोमध आणि मग चारी कडांना लांब कच्चे टाके घालून घेई, म्हणजे कितीही हात लागले तरी थर सरकत नसत. तो क्रम मी अजून बदललेला नाही.
— मालवा मिल परिसर

&nbsp;

माझे माहेर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळचे आहे आणि लग्नानंतर मी इंदूरला आले. आमच्या भागात सिद्दी समाजाच्या बायका जी कवंदी शिवतात, ती सहलीसाठी सर्वांत सोयीची पद्धत आहे, असे मला वाटते. त्यात चौकोन आधी कापून एकमेकांना जोडायचे नसतातच. खाली जुनी साडी पसरायची, एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, हाताला येईल तो तुकडा कड आत दुमडून ठेवायचा आणि धावदोऱ्याने खालच्या साडीसकट शिवत पुढे जायचे. कडेने फेरी पूर्ण झाली की आतली फेरी, मग त्याच्या आतली, असे करत मध्यापर्यंत यायचे. तुकडा जोडणे आणि गोधडी भरणे ही दोन्ही कामे एकाच टाक्यात होतात. साचा लागत नाही, इस्त्री लागत नाही, मशीन तर नाहीच. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या छोट्या घड्या लावतात, त्यांना फूल म्हणतात, आणि त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत.

इंदूरच्या मैत्रिणींना सुरुवातीला हे अव्यवस्थित वाटले. ज्यांचा हात शाळेतल्या शिवणाच्या वहीवर तयार झाला आहे, त्यांना वाकडी ओळ सहन होत नाही. पण टेलरदादांनी वर सांगितलेले मुंढ्याचे तुकडे या पद्धतीत निमूटपणे बसतात, कारण खालची साडी त्यांना पहिल्या टाक्यापासून धरून ठेवते. ओंकारेश्वरला आम्ही चौघी चार कोपऱ्यांना बसलो होतो. कोणाचाही टाका दुसरीसारखा नव्हता आणि त्या कवंदीत आज कोणता भाग कोणाचा हे नुसते पाहून सांगता येते.
— स्कीम क्रमांक ५४

&nbsp;

जुन्या माहेश्वरी साड्यांबद्दल लिहिते, कारण आपल्या घरांत त्या हमखास असतात. पारंपरिक सुती-रेशमी माहेश्वरीत ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा असतो. साडी जीर्ण झाली की बहुधा रेशीम आधी जाते आणि कापड घडीवर चिरत जाते. म्हणून अशा साडीचे अंग गोधडीच्या वरच्या थरात वापरू नये. ते मधल्या थरात घालावे आणि काठ तेवढे सोडवून ठेवावेत. माहेश्वरीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो. गोधडीलाही सुलट-उलट दोन्ही अंगे असतात, तेव्हा कडेच्या पट्टीसाठी याहून चांगले कापड शोधून सापडणार नाही. चटाई, वीट, लहर अशा नक्ष्यांचे काठ वेगवेगळ्या घरांतून आले तर चारी कडांना चार नक्ष्या लावाव्यात. सारख्या काठासाठी नवी साडी विकत घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मग कतरन संपवण्याचा प्रश्नच कुठे राहिला?
— लोकमान्यनगर

&nbsp;

बाग आणि भैरवगढच्या तुकड्यांविषयी एक सूचना. धार जिल्ह्यातल्या बागची छपाई लाल आणि काळ्या रंगांची असते आणि तिथे कापड वाहत्या पाण्यात विछळतात, तरी नव्या तुकड्याचा उरलेला रंग घरी एक-दोनदा साध्या पाण्यात काढून टाकावा. मलमलच्या पांढऱ्या चौकोनाशेजारी तो तसाच लावू नये. उज्जैनजवळच्या भैरवगढचे बाटिक मेणाने होते. तुकड्यात मेण राहिले असेल तर सुई अडते आणि बोट दुखते. गरम पाण्यातून काढला की तो तुकडा इतर सुती कापडासारखाच वागतो.
— तिलकनगर

&nbsp;

सर्वांचे आभार. वैशालीनगरच्या ताईंना उत्तर देणे मला भाग आहे. महेश्वरला आम्ही सकाळी घाटावर आणि किल्ल्यात फिरतो, यंत्रमागाचा आवाज ज्यांनी जन्मभर ऐकला त्या मैत्रिणी हातमागाजवळ मुद्दाम थांबतात, आणि शिवणाला बसतो ते दुपारच्या जेवणानंतर, ऊन उतरेपर्यंत. संध्याकाळी सुई टोचून ठेवायची आणि नर्मदेवर जायचे. ज्या ठिकाणी दिवसभर भटकावे लागते तिथे आम्हीही सामान नेत नाही. मांडू त्यांतलेच आहे, हे मान्य.

गोधडी कोणाकडे गेली, हे मात्र कोणीच लिहिले नाही. आमच्याकडे आधी चिठ्ठ्या टाकत होतो, पण ज्या घरात रजयांची आधीच थप्पी आहे तिथे चिठ्ठी निघाली की बाकीच्यांचे चेहरे उतरत. आता गटातल्या ज्या घरी पुढचे बाळंतपण, लग्न किंवा मोठे आजारपण येईल तिथे ती जाते आणि तोवर शेवटची कड ज्या मैत्रिणीने शिवली तिच्याकडे राहते. त्यामुळे कड शिवायला सगळ्याच पुढे सरसावतात, हा एक नवा तंटा निर्माण झाला आहे. इतर गटांनी हे कसे सोडवले ते जरूर लिहावे. आणि टेलरदादा, थंडीपूर्वी पॉपलिनची कतरन वेगळी काढून ठेवावी, ही विनंती.
— निवृत्त शिक्षिका, रामबाग