मदत हवी आहे: चिलेटिंग रेझिनमधून निकेल लवकर सुटतंय (कुपवाड एमआयडीसी)

वॅट्सबाथ:
प्लेटिंग शॉपमध्ये निकेलच्या धुण्याच्या पाण्यावर इमिनोडायअसेटिक गटाचं चिलेटिंग (धातू पकडून ठेवणारं) रेझिन लावलंय. ५० लिटर रेझिन, १३ इंची एफआरपी (फायबरग्लासची) व्हेसल, फ्लो ताशी १००० लिटर. येणाऱ्या पाण्यात निकेल लिटरला ४० मिग्रॅ, पीएच ५.५, हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला ६०० मिग्रॅ, कारण धुण्याला बोअरचं पाणी. रेझिनच्या लिटरमागे २५ ग्रॅम निकेल धरलं तर आठ तासांच्या पाळीने जवळपास चार दिवस चालायला हवं. दुसऱ्याच दिवशी बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं निकेल ३ मिग्रॅची मर्यादा ओलांडतंय. रिजनरेशन (भरलेलं रेझिन आम्लाने रिकामं करणं) १० टक्के सल्फ्युरिकने, म्हणजे निकेल सल्फेट परत प्लेटिंगच्या बाथमध्ये घेता येईल. मग ४ टक्के कॉस्टिक सोडा १५० लिटर. प्रेशरही दरवेळी वाढतंय. रेझिन बोगस आहे का?

बेडव्हॉल्यूम:
रेझिन बदलण्याआधी आम्ल बदला. हार्डनेस ६०० म्हणजे आयनांच्या भाराच्या हिशोबाने लिटरला १२ मिलिइक्विव्हॅलंट, तुमचं निकेल जेमतेम १.४. हे रेझिन निकेलला पसंती देतं हे खरं, पण कॅल्शियम नऊपट असेल तर सुरुवातीला जागा तेच अडवतं. निकेल त्याला नंतर हुसकावतं, फक्त सावकाश. आणि तुम्ही ताशी २० बेड व्हॉल्यूम (रेझिनच्या २० पट पाणी) पळवताय. शिवाय १३ इंचात ५० लिटर म्हणजे बेड (रेझिनचा थर) दोन फूटसुद्धा नाही. फ्लो ५०० वर आणा, किंवा रेझिन ८० लिटर करून फ्लो ८०० ठेवा.

प्रेशरचं कारण वेगळं. कॅल्शियम बसलेल्या बेडवर १० टक्के सल्फ्युरिक सोडलं की आतच जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) तयार होतं. ते लिटरला दोनेक ग्रॅमच विरघळतं, बाकीचं दाण्यांमध्ये अडकून राहतं आणि पाणी एकाच वाटेने पळतं.

असं करा: आधी बॅकवॉश (खालून वर पाणी सोडून बेड सैल करणं). मग ६ टक्के हायड्रोक्लोरिक १५० लिटर, ताशी सव्वाशेच्या वेगाने. ३० टक्क्यांचं बाजारी आम्ल २७ लिटर लागेल. पाण्यात आम्ल ओता, उलट नको. साचलेलं जिप्सम एका फेरीत जाणार नाही. नंतर सॉफ्ट (हार्डनेस काढलेल्या) पाण्याने धुणं.

वॅट्सबाथ:
मग कॉस्टिक तेवढंच?

बेडव्हॉल्यूम:
नाही. १५० लिटरमध्ये ६ किलो कॉस्टिक जातंय, त्याने रेझिन पूर्ण सोडियम रूपात जातं. पहिलं पाणी अल्कधर्मी होतं आणि निकेल हायड्रॉक्साइड बेडमध्येच हिरवं बसतं. निम्मंच रूपांतर पुरे: २ किलो, ५० लिटर पाण्यात, खालून वर. रेझिन इथे फुगतं, वरून दाबलं तर बेड घट्ट होतो. तेही सॉफ्ट पाण्यातच.

मिरजजंक्शन:
वरच्याशी सहमत. एक राहिलं: इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय होणाऱ्या) निकेल प्लेटिंगचं पाणी त्याच पिटमध्ये येतं का? त्यातलं सायट्रेट निकेलला धरून ठेवतं, मग रेझिनला फारसं काही मिळत नाही. तपासणी सोपी आहे. एक लिटर पाणी कॉस्टिकने पीएच १० वर न्या, तासभर ठेवा, गाळा. गाळलेल्या पाण्यात थोडा अमोनिया आणि डायमिथाइलग्लायॉक्झिम (निकेल ओळखायचं रसायन) टाका. गडद लाल साका आला तर निकेल बांधलेलं आहे.

वॅट्सबाथ:
लाल आलं. इलेक्ट्रोलेसची एक टाकी त्याच पिटला जोडलेली आहे.

मिरजजंक्शन:
ती लाइन आजच वेगळी करा. असल्या पाण्यासाठी बिस-पिकोलिलअमाइन गटाचं रेझिन असतं, पीएच २ लाही निकेल धरतं. पण महाग आहे, एका टाकीसाठी परवडणार नाही. ते पाणी साठवून वेगळं ट्रीट करा. क्रोमचं पाणीसुद्धा या बेडवर येऊ देऊ नका, हेक्झाव्हॅलंट क्रोम रेझिन जाळतं.

बेडव्हॉल्यूम:
आणि रिजनरेशनचं द्रावण बाथमध्ये टाकू नका, सध्याचंही नाही. त्यात कॅल्शियम आहे. वॅट्स बाथमध्ये (नेहमीच्या निकेल प्लेटिंगच्या द्रावणात) कॅल्शियम सल्फेट साचलं की जॉबवर खरखर येते. पीएच १० वर बसवून गाळ घातक कचऱ्यात द्या. निकेल परत हवंच असेल तर धुण्याच्या टाक्यांना आधी सॉफ्टनर लावा. मिठाचा खर्च येईल, पण मग सल्फ्युरिक चालेल.