फ्रेझरची गोणी अन् गावातले पोट्टे

अमेरिकन मुष्टियोद्धा जो फ्रेझरसारखी विटा घातलेली गोणी पोट्ट्यांच्या ठोशांच्या सरावासाठी बांधा, असं एकानं सुचवलंय. विटा नकोच, भाऊ. लहानपणी फ्रेझरनं चिंध्यांसोबत वीट भरली हे खरं. पण वीट बारदानाच्या कडेला सरकते अन् मनगट जातं. जुन्या लुगड्या-धोतरांच्या चिंध्या ठासून भरा, वजन पोराच्या निम्मं. सरकी तळाशी बसते, टाळा. निंबाच्या जाड फांदीला टांगा. हाताला साडेचार मीटर पट्टी, आधी मनगटावर तीन वेढे.

अन् डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा, टाच-कंबर वळवून मारायचा, नुसत्या हातानं नाही. फ्रेझरच्या त्याच हुकनं 8 मार्च 1971 ला पंधराव्या फेरीत मुहम्मद अली आडवा झाला! पण सरळ आत घुसायची सवय फ्रेझरला 1973 मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला मुष्टियोद्धा जॉर्ज फोरमनसमोर नडली: दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली. पोट्ट्यांना बाजूला सरकणं पहिल्या आठवड्यापासूनच शिकवा.