निवडणूक झाली, चेंज रिपोर्टचं काय?

कासारवडवली, ठाणे: आमच्या राज्य आर्किटेक्ट संघटनेची नवी कार्यकारिणी निवडून आली. चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याचं कळवणारा अर्ज, अजून धर्मादाय कार्यालयात गेलेला नाही आणि बँकेत जुन्याच खजिनदारांची सही चालते. वर्गणी आम्हा छोट्या ऑफिसवाल्यांच्या खिशातली आहे, म्हणून जीव तुटतो. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे तक्रार करू का?

नेरुळ: ताई, कौन्सिल १९७२च्या आर्किटेक्ट्स कायद्याने आर्किटेक्टांची नोंदणी आणि शिस्त बघते, संघटनेचा कारभार नाही. संस्था न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२ लागू: बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवायचा.

नौपाडा: आधी सचिवांना लेखी पत्र. पोच घ्याच, तोंडी आश्वासनावर राहू नका.

कासारवडवली, ठाणे: उद्याच देते. सोबत संस्थेच्या घटनेची प्रतही मागते.